साखरबाईचं तारण

मांडवगण फराट्यात साखरबाईला ओळखत नाही असं माणूस शोधून सापडलं नसतं, आणि ज्याच्या घरातलं एखादं तरी झाकलेलं साखरबाईला ठाऊक नाही असंही सापडलं नसतं. कुणाची सून माहेरी नेमकी कशावरून गेली, कुणाची कवळी हसताना घसरते, दूध संस्थेतल्या सोपानरावांचं काळंभोर डोकं कुठल्या पुडीतून बाहेर येतं, सगळं तिच्यापाशी जमा होतं. आणि जमा म्हणजे जमाच. बाकीच्या बायका कानावर पडलेलं संध्याकाळच्या आत वाटून मोकळ्या होत. साखरबाई वाटत नसे. एखादी फार चढून बोलायला लागली की ती नुसती तिच्याकडं बघायची, तोंडातलं पान या गालातून त्या गालात न्यायची, आणि समोरची पदर सावरून म्हणायची, "न्हाई म्हंजी, मी आपलं सहज म्हणलं."

तिचं स्वतःचं मात्र गावात कुणाच्या हाती काही नव्हतं. म्हणून अंग बाहेर यायला लागलं तेव्हा तिला दुखण्यापेक्षा ते लोकांना कळण्याची धास्ती जास्त पडली. कित्येक वर्षं तिनं घडी घातलेल्या फडक्यावर निभावलं. शिंक आली की भिंत धरायची, हंडा उचलायला सुनेला हाक मारायची आणि वर सुनेलाच आळशी म्हणायची. शेवटी त्या सुनेनं, नीलमनं, धुण्यातले डाग बघितले आणि सासूला सरळ विचारलं.

"शिरूरला न्हाई यायची मी," साखरबाई म्हणाली. "तिथं दवाखान्याच्या बाकड्यावर निम्मं मांडवगण बसल्यालं असतंय."

म्हणून दौंड ठरलं. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, गर्भपिशवी काढावी लागेल म्हणाल्या, शुगरच्या गोळ्या वाढवून दिल्या आणि ऑपरेशनचा दिवस दिला. घरी नवऱ्याला, मारुतरावांना, आणि गावाला सांगितलं ते एवढंच, की पोटात गाठ आहे. गाठीला कुणी हसत नाही.

आता साखरबाईच्या डोक्यात एकच गोष्ट घोळू लागली. तिच्या साठ्यातल्या जुन्या मालात सोपानरावांच्या बायकोचं एक प्रकरण होतं. तिचं असंच काहीतरी ऑपरेशन झालेलं. आदल्या दिवशी आया वस्तरा घेऊन आली, पाय लांब करा म्हणाली, आणि बाईनं जो काही आरडाओरडा केला तो त्या आयेनं पुढं सगळ्या दवाखान्याला करून दाखवला. साखरबाईला तो थेट आयेकडूनच कळला होता. म्हणजे असल्या गोष्टी कुठून निघतात आणि कुठवर जातात, हे तिच्याइतकं दुसऱ्या कुणाला माहीत असणार? डॉक्टरीणबाईंनी केसांबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. विचारायला साखरबाईची जीभ रेटली नाही. तिनं मनाशी ठरवून टाकलं, आपण तयार होऊनच जायचं. कुणाला हात लावायचं कारणच उरायला नको.

पण कशानं? मारुतरावांच्या दाढीचं पातं तिनं हातात घेऊन बघितलं. पोट आडवं येत होतं, खालचं दिसत नव्हतं, वर डोळ्यांना चष्मा. पातं तिनं होतं तिथं ठेवलं. मग तिची नजर गोठ्याकडं गेली. खुंटीला म्हशी भादरायचं मशीन टांगलेलं होतं. मारुतरावांनी ते हौसेनं आणलेलं. उन्हाळ्याच्या तोंडाला सगळ्या म्हशी त्यावर गुळगुळीत व्हायच्या. साखरबाईनं हिशोब मांडला. या मशीननं म्हशीची कास भादरतात. कासेला पातं लागलं तर म्हैस लाथ मारते, दूध चोरते, पण आमच्या म्हशीनं कधी शेपूट हलवलं नाही. कासेपेक्षा नाजूक जगात काय असतं? जे म्हशीला बोचत नाही, ते मला कसं बोचेल?

हिशोब चोख होता. त्यात राहिलं होतं ते एवढंच, की म्हशीची कास दुधानं ताठ भरलेली असते आणि साठीतल्या बाईचं कातडं सैल असतं.

नीलम दुपारी बचत गटाच्या मीटिंगला गेली, मारुतराव संस्थेत होते, मुलगा सत्यजीत रांजणगावला कंपनीत. साखरबाईनं मशीन लुगड्याच्या घडीत लपवून न्हाणीत आणलं. फुंकर मारून पात्यातले काळे केस उडवले, धुतलं मात्र नाही. विजेच्या वस्तूला पाणी लावायचं नसतं एवढं तिला कळत होतं. पाटावर बसली, कडी पुन्हा एकदा तपासली आणि बटण दाबलं. बंद न्हाणीत तो आवाज असा घुमला की तिनं लगेच बंद केलं. कानोसा घेतला. पुन्हा चालू केलं.

वरच्या बाजूला बरं चाललं होतं. दोन हात ओढले, तिसरा ओढला. भीती चेपली.

न्हाणीच्या पलीकडं धाकट्या जावेचं, म्हाळसाचं अंगण. दोघींमध्ये सांडपाण्याच्या मोरीवरून अबोला पडला त्याला नातवंडांच्या वयाइतकी वर्षं झाली होती. पण अबोला म्हणजे बोलायचं नाही असं थोडंच? ज्याला जे ऐकवायचं ते जनावराला उद्देशून बोलायचं, अशी दोन्ही अंगणांची रीत पडली होती.

"का गं शेरडे," पलीकडून म्हाळसा आपल्या शेळीला म्हणाली, चांगल्या खड्या आवाजात. "मशीन तर घरघर वाजतंय, आन् म्हशी तर समद्या वड्याला पाण्यात बसल्यात. मग ह्या न्हाणीत कुणाला भादरत्यात गं?"

साखरबाईचा हात दचकला. मशीननं सैल कातडीची घडी दातांत धरली.

तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला म्हणून आवाज बाहेर आला नाही. बटण कुठं आहे हेच सापडेना. शेवटी वायर हिसकून काढली. पाटावर रक्त टपकत होतं. आणि पलीकडं म्हाळसा शेळीला म्हणत होती, "झालं वाटतं गं."

त्या दुपारी साखरबाईनं जे केलं ते सगळंच उलटं होतं, पण हिमतीचं होतं. डेटॉल पाण्यात न मिसळता तसंच ओतलं. डोळ्यांपुढं काजवे चमकले. वर हळद दाबली, वर फडकं. मशीन पुसून खुंटीला लावलं. नीलम आली तेव्हा ती ओट्यावर बसून लसूण सोलत होती, एका कुल्ल्यावर.

"आत्या, तब्येत बरी हाय ना?"

"मला काय धाड भरलीया?"

दौंडला निघायच्या दिवशी गाडीच्या प्रत्येक खड्ड्यागणिक ती वरचा दांडा धरून अंग उचलत होती. नदीचा पूल ओलांडताना तिला थंडी वाजली. नीलमनं काच वर केली. तिला वाटलं, ऑपरेशनची भीती. खाली फडक्याच्या आत काहीतरी ठणकत होतं, आणि कालपासून वासही येत होता. साखरबाई मनात म्हणत होती, एकदा भूल दिली की झालं. कापतीलच तर तेही कापून टाकतील.

खोली बरी होती. खिडकीतून रेल्वेचं यार्ड दिसत होतं. नीलम फॉर्म भरायला खाली गेली आणि दार ढकलून सिस्टर आत आली. एका हातात बीपीचं यंत्र, दुसऱ्या हातात ट्रे. तिनं मान वर केली आणि दोघींनी एकमेकींकडं बघितलं.

"थोरल्या आई?"

ती म्हाळसाची अंजना होती.

साखरबाईच्या माहितीप्रमाणं अंजना पुण्याला मोठ्या दवाखान्यात नर्स होती. तिच्या साठ्यात अशी चूक कधी निघत नसे. पण नवरा रेल्वेत, त्याची दौंडला बदली झाली, म्हणून तीही इकडं आली. हे अबोल्यामुळं भिंतीच्या या बाजूला पोहोचलंच नव्हतं.

"तू इथं कवापासनं?" साखरबाईनं विचारलं. विचारता विचारता चादर गळ्यापर्यंत ओढली.

"दिवाळीपासून." अंजनानं बीपी बघितलं, बोटाला सुई टोचून शुगर बघितली, काखेत थर्मामीटर दिलं. ते काढून उजेडाला धरलं आणि तिचा चेहरा नर्सचा झाला. "ताप आहे तुम्हाला."

"गाडीत वारं लागलं."

"शुगरही वाढलीय. कुठं जखम, गळू, काही?"

"न्हाई."

"बरं. ऑपरेशनच्या जागेची कातडी बघून घेते. दोन मिनिटांचं काम आहे."

"मी साफ होऊन आलीया," साखरबाई म्हणाली.

अंजनाचा ट्रेकडं गेलेला हात थांबला. "म्हणजे?"

"म्हंजी तुमाला काय करायचं कारण न्हाई. समदं केलंय. जा तू."

"कुणी सांगितलं होतं तुम्हाला?" अंजना खुर्ची ओढून जवळ बसली. आवाज खाली केला. "आता वस्तरा कुणी लावत नाही, थोरल्या आई. केस म्हणजे काही घाण नव्हे. डॉक्टरांना आडवे आले तरच तेवढे आम्ही इथं छोट्या मशीननं बारीक करतो, तेही ऐन वेळेला. पात्यानं कातडीला न दिसणाऱ्या चिरा पडतात आणि त्यातून पू होतो. शुगरवाल्याला तर जास्तच. कशानं केलंत?"

साखरबाई खिडकीबाहेर मालगाडीचे डबे बघू लागली.

"पातं? क्रीम?"

"दुसरी बाई न्हाई का हितं?"

"आज मीच आहे."

"मग डॉक्टरीणबाईला बोलीव."

"मॅडम ऑपरेशनमध्ये आहेत. आणि त्या आल्या तरी मलाच बरोबर उभं राहावं लागतं." अंजनानं थर्मामीटर पुसून ट्रेत ठेवलं. "हे बघा, जबरदस्ती मी करणार नाही. तुम्ही नाही म्हणालात असं लिहून मी जाते. पण तापाचं मला मॅडमना सांगावंच लागेल. त्यांनी नुसती गोळी दिली, ताप उतरला, आणि उद्या तुम्हाला आत घेतलं, तर तिथं टेबलावर सगळंच दिसणार आहे. भूल देणारे सर असतील, मॅडम, त्यांच्या असिस्टंट, दोन सिस्टर, मावशी. तेव्हा तुम्ही चादरही ओढू शकणार नाही. आणि खाली पू असला तर भूल दिलेली तशीच उतरवून परत आणतील. दिसला नाही आणि चिरलं, तर तो पोटात जाईल. मग मात्र माझ्याच्यानंही काही होणार नाही आणि मॅडमच्यानंही."

ठणका आता मांडीपर्यंत उतरला होता. साखरबाई तापात होती, पण तिचं डोकं जन्मभराच्या सवयीनं चाललंच होतं. एका बाजूला टेबलाभोवतीची ती सगळी माणसं, गावाशी देणंघेणं नसलेली. दुसऱ्या बाजूला एकटी अंजना, पण तिची आई भिंतीपलीकडं शेळी घेऊन बसलेली. आणि मरण? मरणही तिनं मांडून बघितलं. मेल्यावरही बायका न्हाऊ घालतातच. त्यात म्हाळसा असणारच.

"अंजे," ती म्हणाली. "तुझ्या आयला तू रोज फोन करतीस?"

"रोज नाही. अधूनमधून."

"काय बोलता?"

"दवाखान्यातलं काही बोलत नाही."

"आसं समद्याच म्हणत्यात. माझ्यापाशी समद्यांचं हाय, ते काय हवेतनं आलं?" साखरबाई उठून बसायला गेली आणि कळ येऊन पुन्हा टेकली. "मला तारण पायजे. तुझं कायतरी दे. तुझं दे न्हाईतर तुझ्या घरातलं दे. मग मी दावते."

अंजनाला हसू आलं, पण ते तिनं ओठातच ठेवलं. "माझ्यापाशी तसलं काही नाही हो."

"तुझ्या आयचं हाय की!" साखरबाईचे डोळे बारीक झाले. तापानं ते लकाकत होते. "मला काय दिसत न्हाई? म्हाळसा आताशा हंडा गुडघं जुळवून ठेवती. खोकली की खांब धरती. गवरी थापायला दोन पायावर बसत न्हाई, फळी घेऊन बसती. मी ह्याच वाटंनं गेलीया, मला चाल कळती. तिचंबी अंग बाहेर येतंय. व्हय का न्हाई? एवढं व्हय म्हण. तुझं एक माझ्याकडं, माझं एक तुझ्याकडं. फिटंफाट."

अंजनाच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकलं. तिनं ट्रेमधला कापूस उचलला आणि होता तिथंच ठेवला. साखरबाईनं आयुष्यभर चेहरे वाचले होते. असा चेहरा कशाचा असतो ते तिला बरोबर कळलं. तिला आता फक्त तोंडचं हवं होतं.

"सांग की."

"नाही सांगणार."

"म्हंजी हाय."

"आहेही म्हणणार नाही, नाहीही म्हणणार नाही." अंजना उठून उभी राहिली. "तुम्ही आता तापानं फणफणला आहात. तुम्ही व्हय म्हणायला लावलंत आणि मी म्हणाले, तर तुम्ही दाखवाल, मी ड्रेसिंग करीन, माझं काम होईल. तरी मी नाही म्हणणार. आईचं आईपाशी. तुम्हाला दाखवायचं नसेल तर नका दाखवू. मी मॅडमची वाट बघते."

ती दारापर्यंत गेली.

साखरबाई तिच्या पाठीकडं बघत राहिली. चिडली होती, इतक्या जवळ आलेला माल हातचा जाण्याची सवय नव्हती तिला. पण चिडता चिडताच मनातल्या तराजूचं एक पारडं सावकाश खाली जाऊ लागलं. पोरीवर एवढी अडचण आणली. कामाची घाई म्हणा, पेशंटचा जीव म्हणा, बोलायला तिला कारणं होती. तरी तोंड उघडलं नाही. जी सख्ख्या आईचं माझ्यासमोर काढत नाही, ती माझं आईसमोर काढील? साखरबाईनं गावभर इतकी माणसं पारखली होती, पण जिच्यातून काही गळत नाही असं भांडं तिच्या वाट्याला कधी आलं नव्हतं.

"अंजे."

अंजना वळली.

"कडी लाव," साखरबाई म्हणाली आणि चादर सोडली.

अंजनानं हात धुतले, मोजे चढवले. हळदीनं फडकं जखमेला चिकटून बसलं होतं. सलाईनच्या पाण्यानं भिजवत भिजवत तिनं ते सोडवलं. मग वाकून जखमेच्या कडा बघितल्या.

"कशानं झालं हे? खरं सांगा. इंजेक्शन त्यावर ठरेल."

साखरबाईनं छताकडं बघत सांगितलं. "गोठ्यातलं मशीन."

"म्हशीचं?"

"कास भादरत्यात त्येनं. म्हणलं..."

अंजनानं हसणं तर सोडाच, मान सुद्धा हलवली नाही. "गोठ्यातल्या वस्तूला शेण लागलेलं असतं. धनुर्वाताचं इंजेक्शन आत्ता लागेल. सभोवार केस अर्धवट राहिलेत, ते पुवात चिकटतायत. तेवढे बारीक करते. लागणार नाही. हे बघा, कातडी अशी एका हातानं ताणून धरायची, मशीन आडवं ठेवायचं, दाबायचं नाही."

साखरबाईनं डोळे मिटले. तिच्या मुठीत चादर होती. छोटं मशीन सुरू झालं आणि तिचं सगळं अंग आखडलं. पण दुखलं ते फक्त जखमेपाशी, तेही थोडंच.

डॉक्टरीणबाई आल्या, वाकून बघितलं आणि वाकलेल्या असतानाच म्हणाल्या, "उद्याचं रद्द." मग सरळ उभ्या राहून साखरबाईवर चांगल्या डाफरल्या. पू आत पसरायला लागलाय, अजून थोडे दिवस झाकून ठेवलं असतंत तर मांडीपर्यंतचं मांस काढायची वेळ आली असती. आता शिरेतून औषध, शुगर खाली आली पाहिजे, जखम पुरती भरली पाहिजे, मगच पिशवीचं बघू.

"घरी गेल्यावर रोज ड्रेसिंग लागेल," जाता जाता बाई म्हणाल्या. "कोण करणार?"

"मी करीन की."

"तुम्हाला दिसत तरी का तिथलं?"

त्या गेल्या. अंजना पुन्हा कडी लावून सलाईनची नळी जोडत होती. बाहेर कडी वाजली. "आत्या? उघडा की. त्या बाई खाली रद्द म्हणत्यात. काय झालं?" नीलमचा आवाज घाबरलेला होता.

अंजना हलली नाही. तिनं दाराकडं बघितलं नाही की साखरबाईकडंही. साखरबाईला कळलं, ही पोरगी या बाबतीत एक शब्दही आपणहून खर्चणार नाही. उघडायचं का नाही, ते आपणच बोलायचं.

"उघड," ती म्हणाली.

नीलम आत आली तशी साखरबाईनं तिला काही विचारू दिलं नाही. पाणी पिऊन टाकावं तसं एका दमात सांगितलं. मशीन, न्हाणी, डेटॉल, सगळं. म्हाळसाची शेळीही सांगितली. नीलम ऐकत होती. कासेचं आलं तेव्हा तिच्या ओठांचा कोपरा हलला. तिनं पटकन खाली बघितलं, पण साखरबाईच्या नजरेतून ते सुटलं नाही.

"हस," साखरबाई म्हणाली. "हसून घे एकदाचं."

"हसत न्हाई, आत्या." नीलम खरंच हसत नव्हती, तिचे डोळे भरले होते. "आवो, मला म्हणायचं की. मी काय परकी हाय का?"

"परकी न्हाईस म्हणूनच न्हाई म्हणलं. परक्याला काय, आज हाय उद्या न्हाई."

तिनं बांगड्या मागं सारल्या, बेसिनवर हात धुतले आणि पलंगाच्या त्या बाजूला जाऊन उभी राहिली. "अंजनाताई, दावा मला कसं बांधायचं ते."

अंजनानं दाखवलं. दोघी वाकल्या होत्या. साखरबाईला त्यांचे फक्त भांग दिसत होते. वरून तिला उगाच वाटत राहिलं, आता ह्या एकमेकींकडं बघतील. त्यांनी बघितलं नाही. नीलमनं एकदा विचारलं, "सुकल्यावर परत केस वाढलं तर?" अंजना म्हणाली, "वाढू देत. खाजलंच तर चांगल्या उजेडात स्वच्छ कात्रीनं वरच्या वर कापायचे. तेही तुम्ही. त्यांच्या हातात नाही द्यायची कात्री."

मग नीलमचा मोबाईल वाजला. मारुतराव होते. नीलमनं पडद्याकडं बघितलं, मग सासूकडं.

"मामंजी हायत. काय सांगू?"

साखरबाईच्या तोंडाशी नेहमीचं तयार होतं. काय सांग, किती सांग, कुठं थांब, पलीकडं कोण उभं आहे ते आधी विचार. तिनं तोंड उघडलं आणि मिटलं. सलाईनचं पाणी थेंबाथेंबानं उतरत होतं आणि झोप येऊ लागली होती.

"तुला बरं वाटंल ते सांग," ती म्हणाली.

नीलम फोन घेऊन बाहेर गेली. दार अर्धवट उघडं राहिलं होतं. तिचा आवाज येत होता, पण यार्डात गाडी निघाल्यामुळं शब्द लागत नव्हते. साखरबाईनं एकदा मान उचलून कान दिला. मग उशीवर टाकली.